कात्री गप्प का झाला

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. प्रयोगशाळेत तो कात्री. शब्द बाईचा आणि माणूस बाप्या, पण ‘कात्री आला’, ‘कात्री भडकला’ असं म्हणायला लोकांच्या जिभा आठवड्याभरात सरावल्या. पुढे त्याची बायकोसुद्धा लाडात आली किंवा रागावली की त्याला त्याच नावानं हाक मारू लागली.

हे नाव त्याला फुकट मिळालं नव्हतं. त्या प्रयोगशाळेत एक रिवाज होता. पीएचडी संपवून कोणी पोस्टडॉकच्या मुलाखतीला निघालं की त्यानं आपलं व्याख्यान आधी घरच्या माणसांसमोर म्हणून दाखवायचं. पोस्टडॉक म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांना सांगायला हवं. शिक्षण संपलेलं असतं, कायमची नोकरी लागलेली नसते, आणि मधली दोन-तीन वर्षं दुसऱ्या कोणाच्या तरी प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या पैशांवर पण आपल्या डोक्यानं संशोधन करायचं असतं. जागा मोजक्या आणि मागणारे ढीगभर. एका व्याख्यानावर सगळं ठरायचं, म्हणून त्याची तालीम.

तालमीला प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, मधोमध बसायचे, बाकीची पोरंपोरी कडेनं, आणि सगळ्यात मागे खिडकीपाशी कात्री. व्याख्यान संपलं की सर म्हणायचे, “हं, कात्री, चालव.” आणि तो चालवायचा. ही स्लाइड कशाला? हा आलेख दोनदा आलाय. इथे तू स्वतःची पाठ थोपटून घेतोयस, ते काढ. इथे मला झोप आली, त्यांनाही येईल. समोरचा रडकुंडीला यायचा, पण तासाभरानं त्याच्या हातात सुटसुटीत, नेटकं व्याख्यान असायचं. त्याच्या हाताखालून गेलेली कितीतरी माणसं चांगल्या चांगल्या ठिकाणी लागली आणि जाताना त्याला मिठी मारून गेली. प्रत्येक मिठीनंतर कात्री दोन दिवस कोणाशी धड बोलायचा नाही.

कारण कात्री मत्सरी होता. त्याला दुसरा शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. काही माणसं तापट असतात, काही चिक्कू असतात, तसा तो मत्सरी होता. बाकी माणूस सरळ. कोणाचं काम अडलं तर मध्येच हातातलं टाकून जायचा, उसनं घेतलेलं पुस्तक वेळेवर परत करायचा. पण दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला बघवायचं नाही, आणि वाईट झालेलं बघितलं की तो मदतीला धावायचा. लोकांना वाटायचं, काय मोठ्या मनाचा आहे! आता, मदत खरीच असायची हेही खोटं नाही.

दुखणं जुनं होतं. शाळेत तो कायम पहिला यायचा. पहिला येणाऱ्याची एक पंचाईत असते. त्याच्यापुढे कोणी नसतं, म्हणून तो सारखा मागे वळून बघतो. परीक्षेच्या दिवसांत हा मजेत असायचा आणि निकालाच्या दिवशी अंथरुणात. पहिला येऊनसुद्धा. दुसरी आलेली मुलगी फक्त थोडक्यानं मागे राहिली हे कळलं की त्याला जेवण जायचं नाही. आई म्हणायची, “सगळ्या जगाची पोटं परीक्षेआधी दुखतात, आमच्या चिरंजीवांचं निकाल लागल्यावर दुखतं.” तिनं ते हसण्यावारी नेलं. हसण्यावारी नेलेल्या गोष्टी घरात मुक्काम ठोकून बसतात, हे आयांना उशिरा कळतं.

लग्न त्यानं केलं ते शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीशी. दोघांचे गाइड एकच, ते सर. दोघांचा विषयही जवळजवळ एकच, पाण्याचे थेंब. तो थेंब कसे सुकतात ते मोजायचा आणि ती थेंब कसे गोठतात ते. त्याचं काम देखणं होतं. आलेखावरचा प्रत्येक बिंदू जिथे असायला हवा तिथेच. प्रबंध तपासणाऱ्यांना त्यात एकही चूक सापडली नाही. दुसरंही काही सापडलं नाही, पण ते कोणी त्याला बोललं नाही.

तिचं काम मात्र पसाऱ्याचं. स्वच्छ पाण्याचा बारीक थेंब शून्याच्या खाली नेला तरी लगेच गोठत नाही, हट्टानं पाणीच राहतो. मग केव्हातरी एखादा गोठतो, दुधासारखा पांढरा होतो, की त्याच्यामागून शेजारचा, त्याच्यामागून त्याच्या शेजारचा. ती काचेच्या प्लेटवर थेंबांच्या ओळी मांडायची आणि कॅमेऱ्यातून ही साथ कशी पसरते ते बघत बसायची. चार वेळा वेगळं उत्तर यायचं, पाचव्यांदा ती हसायची आणि म्हणायची, “अय्या, हे काय नवीन!” कात्रीला तिचा तो ‘अय्या’ आधी फार आवडायचा. लग्नानंतर त्याला त्या ‘अय्या’ची धास्ती वाटू लागली. आपल्याला कधी कोणत्या गोष्टीचं असं नवल का वाटलं नाही, हा विचार मग दिवसभर डोकं पोखरायचा.

त्याची पीएचडी तिच्याआधी झाली, म्हणजे पहिला नंबर याही वेळी त्याचाच. पुढे कुठे जायचं याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. पलीकडच्या शहरात एका बाईंची प्रयोगशाळा होती. पाणी, बर्फ, थेंब या विषयांत त्यांचं नाव घेतल्याशिवाय कोणाचं पान हलायचं नाही. त्यांनी एका पोस्टडॉकची जागा काढली तशी यानं अर्ज केला, आणि बाईंनी व्हिडिओवर बोलायला बोलावलं.

सगळं झकास चाललं होतं. बाईंनी त्याचे आलेख बघितले, मान डोलावली. मग शेवटी चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या, “तुमच्याच कामातलं असं काय आहे, जे तुम्हाला अजून कळलेलं नाही?”

कात्रीनं क्षणभरही वेळ घेतला नाही. “तसं काही उरलेलं नाही,” तो म्हणाला. म्हणाला आणि वर खूशही झाला.

“वा,” बाई म्हणाल्या, “सुखी आहात.” आणि पुढच्या दोन मिनिटांत बोलणं संपलं. आठवड्यानं नकार आला.

तो प्रश्न त्याच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. आपण कुठे चुकलो ते त्याला त्याच दिवशी कळलं होतं, एवढी अक्कल त्याला होती. पण बायकोला त्यानं ते सांगितलं नाही. काय झालं म्हणून तिनं विचारलं तर म्हणाला, “काही नाही गं. त्यांना सुकणाऱ्या थेंबांवरचा माणूस नकोय. गोठण्यावर काम केलेलं कोणीतरी हवंय.” हे त्यानं चक्क बनवून सांगितलं होतं. स्वतःची अब्रू झाकायला हाताशी आलेलं पहिलं फडकं.

ती विचारात पडली. मग म्हणाली, “गोठण्यावरचं? मग माझी पीएचडी झाली की मी करून बघू का अर्ज?”

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. आता नाही कसं म्हणणार? “कर की,” कात्री म्हणाला. “कर. बघ काय होतंय.”

त्यानं मधल्या काळात एका कॉलेजात मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची तात्पुरती नोकरी धरली. भिंगं मांडायची, दोरीला टांगलेले लोलक हलवायचे, मुलांनी एकमेकांच्या वहीतून उतरवलेले आकडे तपासायचे. वर्ष तसंच गेलं. तिची पीएचडी झाली. बाईंनी आधी घेतलेला माणूस वर्षभरातच कुठे कायमचा लागून निघून गेला, जागा पुन्हा निघाली, तिनं अर्ज केला आणि बाईंनी तिला व्हिडिओवर वगैरे न तपासता थेट बोलावून घेतलं. येऊन सगळ्या विभागासमोर व्याख्यान द्या, दिवसभर सगळ्यांना भेटा, मग ठरवू.

कात्रीनं तिला उचलून गरकन फिरवलं. ते त्याला जमलं, कारण उचलताना चेहरा तिच्या खांद्यामागे जातो. त्याला थेट का नाही बोलावलं? त्याची वाट व्हिडिओवरच का अडवली? आणि ही कालची पोर, जिच्या आलेखावर एक बिंदू दुसऱ्याशेजारी सुखानं नांदत नाही, तिला मात्र पायघड्या?

तालीम या वेळी घरीच करायची ठरली. सर परगावी गेलेले, आणि कात्री घरातच असताना आणखी कोण हवं? स्वयंपाकघरात टेबलावर पातेलं पालथं घालून त्यावर तिनं लॅपटॉप ठेवला आणि फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. कात्री समोरच्या खुर्चीत, मांडीवर कोरे कागद.

ती बोलू लागली. सुरुवात लांबलेली होती, त्यानं तसं टिपलं. तिसरी स्लाइड चौथ्यात घालता येईल, टिपलं. मुख्य निकाल आला, थेंबांमधलं अंतर वाढवलं की गोठण्याची साथ किती मंदावते त्याचा आलेख. चांगला होता, पण असं काम जगात आणखी चौघांनी केलं होतं. कात्रीचं पोट शांत होतं. “छान,” तो मोकळेपणानं म्हणाला. “फारच छान.”

मग ती स्लाइड आली.

एक छोटी चित्रफीत होती. प्लेटवर थेंबांच्या ओळी. कडेचा एक थेंब पांढरा झाला, शेजारचा झाला, आणि पांढरा रंग भराभर पसरत आत आला. मधल्या एका ओळीपाशी येऊन तो थबकला, ओळीला वळसा घालून पलीकडे गेला आणि उरलेली प्लेट पांढरी करून टाकली. ती एक ओळ तशीच राहिली. नितळ पाणी, चहूबाजूंनी बर्फ.

“हे मला पुष्कळदा दिसलंय,” बायको म्हणाली. “नवीन प्लेट घेतली, पाणी बदललं, तरी मधूनच एखादी ओळ अशी वाचते. का वाचते ते मला माहीत नाही. सरांनाही माहीत नाही. मला हेच पुढे शोधायचंय.”

त्यानं आयुष्यभर थेंब बघितले होते आणि असं काही त्याला कधी दिसलं नव्हतं. पोटात कळ उठली ती थेट निकालाच्या दिवसातली. हे माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर घडत होतं! मी सुकणारे थेंब मोजत बसलो आणि हिनं हे बघितलं! आणि त्याच्यामागोमाग दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. बाई तिला विचारणार. तुमच्याच कामातलं काय कळलेलं नाही? आणि ही तोंड भरून हसणार आणि ही चित्रफीत लावणार.

तो गप्प बसून होता. बराच वेळ.

“ही काढ,” तो म्हणाला.

“ही?”

“अगं, मुलाखतीत जे आपल्याला समजलेलं नाही ते दाखवतात का कोणी? पहिलाच माणूस उठून म्हणेल, प्लेट पुसली नव्हती. मग तू बस प्लेट कशी पुसली ते सांगत. अर्धा वेळ त्यात जाईल. तुझा मुख्य आलेख बाजूलाच राहील.”

“पण मला तर वाटत होतं—”

“तुला वाटणारच. तू चार वर्षं त्यात होतीस. मी बाहेरून बघतोय. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय ना?”

यातली गंमत अशी की सल्ला वाईट नव्हता. तालमीत असला सल्ला त्यानं दहा जणांना दिला असता आणि दहाही जणांना तो उपयोगी पडला असता. दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेच्या बाबतीत तो बरोबर ठरला असता. फक्त या एका बाई तो प्रश्न विचारतात हे त्याला ठाऊक होतं, आणि तो ते बोलला नाही. पोटात एक आणि ओठांत एक, पण ओठांतलंही इतकं शहाणपणाचं की त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं.

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. “नक्की?”

“नक्की.”

“बरं,” ती म्हणाली, लॅपटॉपवर वाकली आणि दोन-तीन कळा दाबल्या. पुन्हा व्याख्यान म्हणून दाखवलं. ओळीची स्लाइड गेली होती. आता ते अगदी कात्रीच्या स्वतःच्या व्याख्यानासारखं झालं होतं.

मुलाखतीच्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं गेली. कात्री कॉलेजात मुलांना लोलक मोजायला लावून खिडकीशी उभा राहिला. तिनं नापास व्हावं असं त्याला वाटत नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. तिनं दुसरं यावं एवढंच वाटत होतं. बाईंनी म्हणावं, तुम्ही चांगल्या आहात, पण. मग ती घरी येईल, तिच्या डोळ्यांत पाणी असेल, तो तिला जवळ घेईल, आपणही यातून गेलोय असं सांगेल, आणि दोघं पुन्हा एका पायरीवर बसतील. या चित्रानं त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच शिसारी आली.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

“पोचले रे. माणसं चांगली आहेत. अर्ध्या तासानं व्याख्यान. बाई थोड्या कडक आहेत, पण हसतात. काही सांगायचंय का शेवटचं?”

खिडकीखाली दोन माणसं एक कपाट ट्रकमध्ये चढवत होती आणि ते मावत नव्हतं. कात्री ते बघत राहिला. एक वाक्य पुरलं असतं. त्या असं असं विचारतात, ती स्लाइड ठेव. तोंडात आलं होतं, खोटं नाही. पण त्याच वेळी त्याला दिसलं की ती चित्रफीत लावतेय, बाई चष्मा कपाळावर सरकवून पुढे झुकल्यात, अख्खी खोली पुढे झुकलीय.

“अक्षरं मोठी आहेत ना?” तो म्हणाला.

पलीकडे ती क्षणभर थांबली. मग हसली. “आहेत, आहेत,” म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी परतली. दारातून आत येतानाच तिचा चेहरा सगळं सांगत होता. बाईंनी निघतानाच कळवलं होतं, जागा तिची. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं. तिनं बूट काढले, पाणी प्यायली, त्याच खुर्चीत बसली आणि बोलत सुटली. खोली केवढी, कॅमेरे कसले, थंड करायचं यंत्र कसं आवाजच करत नाही. कात्री ‘अरे वा’, ‘अरे वा’ करत होता आणि चहाच्या भांड्यात नुसताच चमचा फिरवत होता. पाणी ठेवायचं राहिलं होतं.

“व्याख्यान ठीकच झालं,” ती म्हणाली. “मुख्य आलेख त्यांनी आधीच वाचलेला होता. दोन जण तर पेंगत होते. मग शेवटी बाईंनी विचारलं, तुमच्याच कामातलं काय तुम्हाला कळलेलं नाही? मी आभाराच्या स्लाइडच्या पुढे गेले. तिथे ती ठेवलेली होती.”

“कुठली?”

“ओळीची. काढून टाकली नव्हती मी. आभारांच्या मागे नेऊन ठेवली होती. विचारलं तर दाखवायची, नाही तर नाही. लावली आणि सगळे जागे झाले. पुढचा तासभर तेच. मुख्य कामाबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही.”

“मी तर काढायला सांगितलं होतं,” कात्री म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच चोरट्यासारखा वाटला.

“हो ना. म्हणूनच तर ठेवली.” ती सहज बोलत होती, भांडणाचा सूर नव्हता. “अरे, तू माझ्या मुख्य आलेखाला ‘फारच छान’ म्हणालास तेव्हाच मला कळलं की तो काही खास नाही. आणि ओळ बघून तू गप्प झालास. इतका वेळ तू कोणाच्याच स्लाइडवर गप्प बसलेला मी बघितला नव्हता. म्हटलं, ही जपून ठेवायची. कात्री, मी किती वर्षं तुझ्या शेजारी बसलेय? तुला जळायला झालं की ते काम चांगलं असतं. मला तर त्याची मदतच होते. सर खूश होऊन सांगतात, मैत्रिणी बरं वाटावं म्हणून सांगतात. तुझं पोट कधी खोटं बोलत नाही.”

आणि ती हसली. खरोखर हसली. कात्रीलाही हसू येऊ लागलं. इतकी वर्षं जे लपवण्यात त्यानं जीव काढला, ते हिला माहीत होतं आणि ही त्याच्यासकट सुखानं नांदत होती! त्याला एकदम हलकं वाटलं. तो तिच्या जवळ जाऊन बसला.

मग ती म्हणाली, “बाई सांगत होत्या, हा प्रश्न त्या प्रत्येकालाच विचारतात. गेली कित्येक वर्षं. व्हिडिओवरसुद्धा.” ती अजून हसतच होती. “तुलाही विचारला असेल ना मग?”

खोटं बोलायला पुष्कळ जागा होती. आठवत नाही म्हणता आलं असतं. पण नुकतंच त्याच्या पोटाला सत्यवचनी ठरवलं गेलं होतं, आणि चेहऱ्यानं तोंडाच्या आधीच उत्तर देऊन टाकलं.

“हो,” तो म्हणाला.

तिचं हसू गेलं. तिनं टेबलावरचा लॅपटॉप उगाच थोडा पुढे सारला, मागे घेतला.

“फोनवर मी विचारलं होतं तुला,” ती म्हणाली. “शेवटचं काही सांगायचंय का म्हणून.”

“हो.”

“मला वाटलं होतं, तुझं जळणं स्लाइडपुरतंच आहे.”

एवढंच. आदळआपट नाही, रडारड नाही. उठून तिनं चहाचं पाणी स्वतःच ठेवलं आणि त्यालाही कपभर दिला. कात्रीनं माफी मागितली, दोनदा मागितली, आणि ती दोन्ही वेळा “असू दे” म्हणाली. ज्या सुरात शेजारणीला म्हणतात त्या सुरात.

पुढचे दिवस अभिनंदनाचे गेले. सरांनी फोन करून कात्रीची पाठ थोपटली, “शेवटी कात्री कोणाची!” म्हणाले. आईनं सुनेशी अर्धा तास बोलून मग याला फोन मागितला आणि विचारलं, “तुझं पोट कसं आहे?” कात्री सगळ्यांना हो हो म्हणत राहिला. घरात खोकी भरली जात होती. पलीकडच्या शहरात त्यालाही एखाद्या कॉलेजात प्रात्यक्षिकं मिळतीलच, असं दोघं एकमेकांना सांगत होते. सगळं जसंच्या तसं होतं. फक्त ती त्याला काही दाखवेनाशी झाली होती. आधी जेवतानासुद्धा लॅपटॉप त्याच्या ताटाशेजारी सरकवायची. आता तो खोलीत आला की ती वर बघून “काय रे?” म्हणायची आणि थांबायची.

बाईंनी तिला रुजू होण्याआधी एक काम दिलं होतं. पहिलं वर्ष कोणत्या प्रश्नावर घालवायचं ते तिनंच ठरवून कळवायचं. त्या न गोठलेल्या ओळीकडे कोणत्या बाजूनं जायचं, त्याचे तीन रस्ते तिच्या मनात होते. तीन दिवस ती ते मांडत होती, खोडत होती. चौथ्या दिवशी कात्रीला राहवलं नाही.

“दाखव ना मला,” तो दारातून म्हणाला.

ती जरा घुटमळली. मग तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

पहिला प्रश्न व्यवस्थित होता. वर्षाच्या आत उत्तर मिळेल, कोणी नावं ठेवणार नाही, असा. तिसरा फार मोठा होता, त्याला दहा माणसं लागतील. आणि दुसरा... दुसरा त्यानं पुन्हा वाचला. इतका साधा प्रश्न, आणि आजवर कोणीच कसा विचारला नव्हता? पोटात तीच कळ उठली, नेहमीपेक्षा जोरात. तो गप्प होऊ लागला, आणि होता होता त्यानं स्वतःला धरलं. या वेळी नाही.

“दुसरा,” तो म्हणाला. “अगं, दुसराच. तो वाचून मला इतकं जळायला झालं की मला आत्ता तुझ्याकडे बघवत नाहीये. हा मला सुचला असता तर मी नाचलो असतो. दुसरा पाठव.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याचं तोंड आणि पोट एकच बोलत होतं. तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

तीही त्याच्याकडे बघत होती. खूप वेळ, बारकाईनं, प्लेटवरच्या थेंबांकडे बघायची तशी.

“आधी बरं होतं,” ती शेवटी म्हणाली. “तू गप्प झालास की मला कळायचं. आता मला कळतं हे तुला माहीत आहे.”

“मी खरं सांगतोय.”

“असशीलही. मला आता कसं समजणार?”

तिनं लॅपटॉप आपल्याकडे फिरवला. थोडा वेळ विचार केला, आणि पहिला प्रश्न बाईंना पाठवून दिला. जो व्यवस्थित होता तो.

चांगला दुसराच होता. कात्रीला ते तिथल्या तिथे ठाऊक होतं, आणि ती त्या प्रश्नाला मुकली याचं वाईटही वाटत होतं. पण तिनं तो सोडून दिला हे बघताक्षणी त्याच्या पोटातलं दुखणं थांबलं.